शिवेबाहेरची वगार

त्या वैशाखात बोरखेडीवर ऊन असं पेटलं होतं की पालींनी भिंती सोडल्या आणि रांजणाखाली बिऱ्हाड केलं. कावळा फांदीवर बसायच्या आधी एक पाय टेकवून बघायचा, भाजतं का. ऊन एक वेळ सोसलं असतं, पण वारं पडलं होतं. खळ्यावर ज्वारी मळून रास पडलेली, आणि वाऱ्यावाचून उपणणी म्हणजे नवऱ्यावाचून वरात. गोजरबाई तिवईवर उभी राहून पाटी डोक्याच्या वर धरायची, हळूहळू हलवायची. दाणे सरळ खाली, भुसकटही सरळ खाली, दोघं पुन्हा एकमेकांच्या गळ्यात. खाली तिचा नवरा मच्छिंद्र हातणीच्या झाडूनं राशीच्या कडा सारत बसलेला. तो म्हणायचा, उतर आता, वारं काय तुझ्या बापाच्या घरी चाकरीला हाये का. ती उतरत नसे. तिला हात रिकामे नको होते. रिकामे झाले की ते आपसूक ठमीच्या दंडाकडे जायचे.

ठमी तिची लेक. अजून बोबडं बोलायची. खळ्याच्या कडेला गाडीखालच्या सावलीत ती कणसाच्या रिकाम्या पिशांची बाळं करून त्यांना निजवत बसे. तिचा दंड लोण्यासारखा, ना डाग ना खूण. दुसऱ्या आयांना अशा दंडाचं कौतुक वाटलं असतं. गोजरबाईला त्याची धास्ती होती. तिच्या स्वतःच्या तोंडाची देवीनं लहानपणीच चाळण केलेली, आणि ठमीच्या आधीचा मुलगा देवीनंच नेलेला. आता शेजारच्या शेलवाडीत घरोघर दारांना लिंबाचा पाला लागल्याचं कानावर आलं होतं. शेलवाडी कुठं, तर बोरखेडीतून जोरात शिंकलं की तिकडून 'सतंजीव' यायचं, इतक्यावर. तेव्हापासून गोजरबाई रोज उजाडता पोरीचं झबलं वर करायची आणि पाठपोट निरखायची. काही दिसायचं नाही. मग दिवसभर पाय ठरायचे नाहीत.

त्याच आठवड्यात देवीडाक्टर आले. वामनराव त्यांचं नाव. अंबडात राहायचे, तट्टावरून गावोगाव हिंडून पोरांना देवी टोचायचे. डाक्टर ही पदवी लोकांनीच बहाल केलेली, सरकारनं नुसता तट्टू दिला होता. बोरखेडीत त्यांची पत फारशी नव्हती. त्याचं कारण असं. लस यायची हैदराबादेहून, गव्हाच्या काडीएवढ्या काचेच्या नळ्यांतून. जालन्यापर्यंत आगगाडी, पुढं अंबडापर्यंत बैलगाडी, मग तट्टू. ओल्या फडक्यात गुंडाळून गाडग्यात ठेवली तरी हैदराबादेहून जिती निघालेली लस बोरखेडीच्या वेशीपर्यंत मरून जायची. आणि लस मेली तर तिला कुणी खांदा देत नाही, म्हणून ते कुणाला कळायचंही नाही. गेल्या हिवाळ्यात वामनरावांनी गावातली बरीच पोरं टोचली, एकाच्याही दंडावर फोड उठला नाही. पोरं गूळ खाऊन मोकळी झाली. तेव्हापासून गावात म्हण पडली की सरकारनं सुई पाठवली, देवी धाडायची विसरलं.

या खेपेला वामनराव पारावर बसले आणि त्यांनी एक म्हशीची वगार मागितली. त्यांच्यापाशी एकच नळी उरली होती. ती त्यांनी प्रत्येक मुक्कामाला विहिरीत दोरीनं सोडून गार राखलेली. तीतली लस वगारीच्या पोटावर लावायची, दाणे उठले की त्यांतून ताजी लस काढायची आणि तिथल्या तिथं पोरांना टोचायची, असा त्यांचा बेत. पारावर हसू पिकलं. कुणीतरी विचारलं, म्हशीची देवी टोचल्यावर आमची पोरं रवंथ करतील का. दुसऱ्यानं सांगितलं की करू देत, वैरणीवर भागंल, ज्वारी वाचंल. वगार मात्र कुणी दिली नाही.

गोजरबाई पाण्याला चालली होती. घागर खाली ठेवून ती पाराशी आली. बाईमाणसानं पारावर बोलायची रीत नव्हती, म्हणून ती लिंबाच्या खोडाकडे तोंड करून बोलली.

"ती नळी माझ्याच लेकीला टोचा की, डाक्टर. वगार कशापाई?"

"टोचतो," वामनराव म्हणाले. "पण नळीत जीव उरलाय की नाही, हे मलाच माहीत नाही, बाई. मेलेली असली तर मी माझ्या वाटेनं जाईन, तुम्ही निर्धास्त राहाल, आणि देवी यायची तेव्हा येईल. वगारीच्या पोटावर दाणे उठले तर डोळ्यांना दिसेल. मग एका पोटात साऱ्या शिवाराची लस."

तिनं थोडा विचार केला. खोडालाच सांगितलं, "वगार मी देते. पन पहिला दंड माझ्या ठमीचा."

"पहिला तिचाच."

वगारीचं नाव भिंगरी. गोजरबाईच्या माहेराहून आलेल्या म्हशीची ती, म्हणून मच्छिंद्राला नाही म्हणायला तोंड नव्हतं; पण कुरकुरायला होतं, आणि त्यानं ते पुरेपूर वापरलं. पोटावरचे केस काढायला पुंजाराम न्हावी बोलावला. तो धोकटी काखेत मारून आला, वगारीकडे पाहिलं, आणि म्हणाला की देवी गावाच्या तोंडाशी आलेली असताना मी वस्तरा उघडणार न्हाई, अन् उघडला तरी म्हशीची हजामत आमच्या घराण्यात कुणी केली न्हाई. शेवटी वामनरावांनी आपला दाढीचा वस्तरा काढला. चौघांनी भिंगरीला आडवी पाडली, मच्छिंद्र कुरकुरत पाय धरून बसला. पोट साफ झालं, पाण्यानं धुतलं, वामनरावांनी बारीक रेघा ओढून त्यांवर नळीतली लस चोळली. त्या वस्तऱ्यानं पुढं त्यांनी दाढी केली नाही. दोनचार दिवसांत ते डाक्टर कमी आणि बैरागी जास्त दिसू लागले, असं लोक सांगत.

निघताना त्यांनी बजावलं: वगार चिखलात लोळता कामा नये, पोट चाटता कामा नये, आणि पोटाला काही म्हणता काही लावायचं नाही. पाचव्या दिवशी दाणे भरतील. तो दिवस चुकला की त्यांत पू होतो, मग खपली, मग काही उपयोग नाही. तोवर मी पलीकडची गावं बघून येतो.

गोजरबाईनं भिंगरीला ओसरीच्या खांबाला आखूड बांधली, गळ्यात लाकडी पट्ट्यांची माळ घातली म्हणजे मान वळणार नाही. आणि राखणीला सासूला बसवून ती खळ्यावर गेली. चूक झाली ती इथंच. पण राखणीला दुसरं होतं कोण?

सासू झुंबरबाई. जन्मभर तिनं देवीचं केलेलं. कुणाच्या घरी देवी आली की आधी झुंबरबाईला बोलावणं जायचं. फोडणी बंद, चप्पल बंद, मोठ्यानं बोलणं बंद, सगळा बंदोबस्त तिच्या हातात. तिसऱ्या दिवशी तिनं वाकून वगारीचं पोट पाहिलं. रेघांवर टप्पोरे दाणे बसलेले, मोत्यांच्या सरीसारखे. म्हातारीचे हात आपोआप जुळले. तिला डाक्टरचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण डाक्टर काल-परवाचा, आणि देवीआई तिच्या आजीच्याही आधीची. आई घरी आली आणि तिला गारवा द्यायचा नाही, हे तिच्या हाडाला पटेना. तिनं लोण्यात हळद कालवली आणि दाण्यांवरून हळूच बोटं फिरवली. भिंगरीला बरं वाटलं असावं, तिनं म्हातारीचा खांदा चाटला. मग काय. आई प्रसन्न झाली, ही बातमी घरोघर गेली.

गोजरबाई खळ्यावरून परतली तर ओसरीवर बायकांची दाटी. कुणी दहीभात आणलेला, कुणी खण. भिंगरी दहीभात असा खात होती की जणू जन्मापासून तिला कडब्याची काडी कुणी दाखवलीच नव्हती. गोजरबाईनं बायका घालवल्या, पाण्यानं पोट धुवायला घेतलं. सासूनं तिचं मनगट धरलं.

"तिला उघडी नको पाडू, गोजरे. चिडंल ती."

"डाक्टरनं काय सांगितलं, आत्याबाई? ऐकलं न्हवतं का?"

"ठमीसाठीच करून राह्यले ना मी," झुंबरबाई म्हणाली. "वगारीत सुखानं बसली तर पोरीकडं बघनार न्हाई ती."

गोजरबाईनं मनगट सोडवून घेतलं. तिनं निम्मं लोणी पुसलं आणि उरलेलं सासूच्या डोळ्यांदेखत पुसायचा धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी वारं सुटलं. असं सुटलं की रामराव पाटलांचं पागोटं तीन शेतं ओलांडून गेलं, आणि ज्याच्या शेतात पडलं त्यानं ते देव आला म्हणून उचललं नाही. सगळ्या गावाची माणसं खळ्यांकडे धावली. गोजरबाई तिवईवर चढली. भुसकट लांब उडत होतं, दाणे पिवळे स्वच्छ पायाशी पडत होते, आणि तिच्या कानांत नुसतं वारं. पाटील पागोटं सापडल्यावर खळ्याशी आले, खाली मच्छिंद्राशी काही बोलले, मच्छिंद्रानं मान हलवली, पाटील गेले. हे तिनं वरून पाहिलं आणि ऐकलं काही नाही. दिवस कलल्यावर वाऱ्याबरोबर हलगी ऐकू आली. तिला वाटलं, कुणाची तरी मयत.

घरी आली तर खांबाशी नुसतं दावं.

पाटलांचं म्हणणं साधं होतं. देवी गावात आली, मानानं आली, कुणाला धक्का लावला नाही. आता तिला मानानंच शीव ओलांडून द्यावी. पूर्वजांनी हेच केलं, देवीचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा, मग ते गाव बघून घेतं. या वेळी गाडा नव्हता, पायांनी चालणारी वगारच होती, तेवढीच सोय. झुंबरबाईनं भिंगरीची ओटी भरली. शिंगं अजून नीट फुटलेली नव्हती, तिथं हिरव्या बांगड्या बांधल्या. आणि हलगीच्या नादात वगार शेलवाडीच्या शिवारात हाकून दिली.

गोजरबाईनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुम्ही हो म्हनले?"

"पाटलापुढं न्हाई कसं म्हनावं?" मच्छिंद्र म्हणाला. "अन् एका वगारीपाई गावाशी वाकडं घेऊ का?"

 गोजरबाईनं चूल पेटवली, भाकरी थापल्या, त्या रात्री मोजून खाल्ल्यासारख्या सगळ्यांनी गिळल्या. सकाळी वामनराव तट्टावरून आले, दाढी वाढलेली, डोळे लाल. रिकामं दावं बघून ते तट्टावरून उतरलेच नाहीत. आज पाचवा दिवस, म्हणाले. गोजरबाईनं ठमीला कडेवर घेतली, भाकरीचं फडकं कमरेला बांधलं, आणि तट्टाच्या पुढं चालू लागली. मच्छिंद्र दारात उभा राहिला. त्यानं अडवलं नाही, बरोबरही आला नाही.

शेलवाडीत कळलं की वगार आली होती. त्यांच्या गावात देवी आधीच मुक्कामाला. त्यांनी विचार केला, ही चाललीच आहे तर आमचीही हिच्याबरोबर जाऊ दे. घराघरातल्या आजारी पोरांवरून लिंबाच्या डहाळ्या उतरवून भिंगरीच्या पाठीवर ठेवल्या, खण पांघरला, आणि झटपट पुढं हाकलली. ज्या घरात विचारावं त्या घरातून कण्हण्याचा आवाज यायचा. एका दारात निजवलेल्या पोराचं तोंड दिसलं. गोजरबाईनं ठमीचं डोकं आपल्या खांद्यात दाबलं आणि पावलं उचलली.

पाडळीपर्यंत वगारीची कीर्ती तिच्या पुढं धावली होती. पारावरचा एक म्हातारा शपथेवर सांगू लागला की वगार माणसासारखी बोलली, मी ह्या कानांनी ऐकलं. काय बोलली म्हणून वामनरावांनी विचारलं. म्हाताऱ्यानं खूप आठवलं आणि म्हणाला, "हम्म म्हनली." तिथंही तिला दहीभात मिळाला, तिथूनही ती पुढं गेली. ऊन माथ्यावर आलं. ठमी पाणी मागून थकली आणि गप्प झाली. वामनरावांनी तिला तट्टावर बसवलं आणि स्वतः पायी चालले. त्यांच्या वहाणेचा अंगठा तुटला होता, ते पाय ओढत होते, आणि दर थोड्या वेळानं सूर्याकडे बघत होते, जसा उशीर झालेला माणूस गाडीच्या धुराकडे बघतो.

पाडळी आणि तांदूळवाडी यांच्या मधे एक ओढा आहे. पाण्याचा नावाला, त्या महिन्यात नुसती वाळू. अलीकडच्या काठावर पाडळीची माणसं, पलीकडच्या काठावर तांदूळवाडीची, दोहोंकडे काठ्या. आणि मधे वाळूत भिंगरी. हिरवा खण पाठीवर, बांगड्या डोक्यावर, दहीभातानं पोट फुगलेलं, चेहरा अगदी तहसीलदारासारखा: सगळे आपल्यासाठीच भांडतायत आणि आपल्याला काही ठाऊक नाही. पाडळीवाले हुसकत, ती दहा पावलं जाई. तांदूळवाडीवाले मातीची ढेकळं मारत, ती परत फिरे.

वामनराव वाळूत उतरले आणि मोठ्यानं म्हणाले की हे सरकारी काम आहे, वगारीला कुणी हात लावला तर अंबडला कळवीन. सरकार हा शब्द निघाल्याबरोबर दोन्ही काठांची एकी झाली. एक ढेकूळ त्यांच्या छत्रीवर बसलं, एक पाठीत. कुणीतरी ओरडलं, ह्यानंच वगारीत देवी घातली, ह्यालाच शिवेबाहेर काढा. त्यांचा तट्टू समजदार होता, तो आधीच झाडीआड गेला. ठमी त्याच्यावर बसून रडू लागली.

गोजरबाईनं पोरीला उतरवून घेतलं आणि ओढ्यात उतरली. सरळ वगारीशी गेली. भिंगरीनं तिला ओळखलं, नाक तिच्या पोटाशी घासलं. गोजरबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला, परक्या पुरुषांपुढं, आणि आपलं तोंड आधी एका काठाला आणि मग दुसऱ्या काठाला दाखवलं.

"बघा निरखून," ती म्हणाली. "तिची माझी वळख जुनी हाये. ही वगार माझ्या दावणीची. तुम्हाला नको, त्यांलाबी नको. मंग मी घेते. माझ्या लेकीत घेते."

काठांवरच्या माणसांच्या काठ्या खाली आल्या. देवी घराबाहेर घालवणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिले होते. तिला हाक मारून पोटच्या पोरीत बसवून घेणारी बाई कुणी पाहिली नव्हती.

ती वाळूत बसली, ठमीला मांडीवर घेतली, आणि हळू आवाजात वामनरावांना म्हणाली की आता सरकारचं नाव काढू नका, आधी तिला हात जोडा. वामनराव घरंदाज माणूस, संध्या करणारे. त्यांनी त्या म्हशीच्या वगारीपुढं गुडघे टेकले आणि कपाळ वाळूला लावलं. ते उन्हानं झालं, थकव्यानं झालं की मनानं झालं, हे त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही.

पोट धुवायला पाणी हवं होतं. तांदूळवाडीच्या काठावरून तुळजाबाई नावाची एक बाई तांब्या घेऊन अर्ध्यापर्यंत उतरली, तिथं ठेवला आणि मागं पळाली. लोणी-हळदीचा थर निघाला तसे वामनरावांचे ओठ घट्ट झाले. कुठं दाणे घासून फुटलेले, कुठं हळदीखाली मऊ होऊन बसलेले. बोट फिरवत फिरवत त्यांना मागच्या पायाच्या खोबणीत दोनतीन दाणे सापडले, टणक, भरलेले, म्हातारीची बोटं न पोचलेले. त्यांनी एक फोडून लस काचेच्या तुकड्यावर घेतली. गोजरबाईनं ठमीचा दंड पुढं केला. सुई लागली तेव्हा ठमी किंचाळली, आणि दोन्ही काठांवरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

काचेवर अजून लस होती. वामनराव ती काच हातात धरून आधी ह्या काठाकडे गेले, मग त्या काठाकडे. कुणाचं तरी लेकरू द्या, म्हणाले. फक्त एक खूण, म्हणाले. ऊन काचेवर पडत होतं. लस आधी पाण्यासारखी होती, मग डिंकासारखी झाली, मग नुसता डाग उरला. त्यांनी काच धोतराला पुसली आणि खिशात टाकली.

आता प्रश्न राहिला गोजरबाईचा. वगारीतली देवी पोरीत गेली म्हटल्यावर ती पाडळीत नको होती आणि तांदूळवाडीत नको होती. बोरखेडीला परतायची वाट शेलवाडीतून, आणि तिथं घरोघर देवी. तेव्हा ती ओढ्यातच राहिली, काठाच्या एका करंजाखाली. वामनरावांनी जाताना सांगितलं की दंड उठला तर आठवड्यानं त्या एका दाण्यातून इतर पोरांना टोचता येईल, मी येतो. गोजरबाई म्हणाली, यायचं तर या, पण माझ्या लेकीला परत सुई नाही. एकदा केलं तेवढं पुरे.

ते दिवस कसे गेले, ते करंजालाच ठाऊक. जन्मभर जी बाई लेकराच्या अंगावर दाणा नसावा म्हणून देव पाण्यात घालत आली, ती आता दाणा यावा म्हणून दर घटकेला फडकं उचलत होती. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मुंगी चावल्यासारखं लाल दिसलं तर ती खरंच मुंगी निघाली. तिला वाटू लागलं की हळदीनं मेली असंल, उन्हानं मेली असंल, आपणच वेड्या. उठून ती ओढ्यात शंभर पावलं जाई आणि पळत परत येई. तुळजाबाई रोज काठावर पाण्याचा तांब्या आणि भाकर ठेवून जायची, बोलायची नाही. एका सकाळी मच्छिंद्र कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन आला. काठावर थबकला. मग खाली उतरला, भिंगरीपुढं कडबा टाकला. ती दहीभाताला चटावलेली, तिनं नाक फिरवलं. मच्छिंद्र म्हणाला, बघ, तुझ्यासारखीच झाली. गोजरबाईला हसू आलं नाही, पण तिनं त्याला सावलीत जागा करून दिली.

त्याच दुपारी ठमीचं अंग तापलं, आणि संध्याकाळी फडक्याखाली दंडावर एक फोड दिसला. मधे खोलगट, कडेनं लाल. गोजरबाईनं तो नवऱ्याला दाखवला, भिंगरीला दाखवला, आणि मग इतकी रडली की ठमीच घाबरली.

वामनराव आले त्या सकाळी झुंबरबाईही आली, शेलवाडीतून एकटी चालत. शेलवाडीत तिनं काय पाहिलं ते तिनं सांगितलं नाही. ती वाळूत बसली आणि ठमीला ओढून घेतली.

"एकच दाना?"

"एकच, आत्याबाई."

म्हातारीला खरं वाटेना. तिनं पोरीचं झबलं काढलं. पाठ, पोट, मानेची वळी, तळपाय, केसांची मुळं, सगळ्या अंगावरून ती बोटं फिरवत गेली, जशी बाई ताटातल्या तांदळात खडा शोधते. ताप उतरला होता. अंग स्वच्छ. ठमीला गुदगुल्या होत होत्या, ती हसत होती.

"माझी तीन गेली," झुंबरबाई म्हणाली. "दर खेपेला मी तिला म्हनायचे, ये माय, बस माय, घर तुझंच हाये. एवढीच ये असं म्हनायचं असतं, ह्ये मला कुनी सांगितलं न्हाई."

 म्हातारी बराच वेळ त्या दाण्याकडे बघत बसली. मग गुडघ्यावर हात देऊन उठली, ओढ्याच्या मधोमध गेली आणि ज्या आवाजात ती घराघरांतून फोडण्या बंद करायची त्या आवाजात दोन्ही गावांना हाक दिली.

"पाडळीच्या बायांनो, तांदूळवाडीच्या बायांनो. मी बोरखेडीची झुंबरबाई. आई एका घराला जड होती. वाटून घ्या तिला. लेकरं घेऊन या, उन्हं चढायच्या आत."

तुळजाबाई आधी उतरली. तिच्या कडेवरचा पोरगा बोटं चोखत होता, अंगात काही नाही, उघडे दंड उन्हात चमकत होते. मागून पाडळीच्या दोघी आल्या, मग आणखी. एकीनं मिशी फुटलेला मुलगा ओढत आणला, त्याला झुंबरबाईनं हसून शेवटी उभं केलं. वामनरावांनी सुई हातात घेतली होती, पण ते गोजरबाईकडे बघत होते. तिनं नाही म्हटलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं.

गोजरबाईनं तुळजाबाईच्या पोराचा दंड पाहिला. त्याच्या मागच्या पोरीचाही पाहिला. ठमीला मांडीत आवळली आणि कोपर धरलं.

"घ्या. पन गूळ आधी द्या, मागून न्हाई."

ठमीनं गूळ तोंडात टाकला, आणि सुई टेकताच वामनरावांच्या अंगठ्याला असा चावा घेतला की रक्त आलं. साऱ्या तालुक्यातल्या पोरांच्या दंडांवर खुणा करणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर खूण उमटवणारी ती एकटीच. त्यांनी अंगठा तोंडात घातला नाही, झटकला नाही. हातातली लस उन्हात सुकत होती. ते तसेच तुळजाबाईच्या पोराकडे वळले. पोरगं सुई पाहून उसळलं, आईच्या हातातून निसटू लागलं.

गोजरबाईनं ठमीला सासूच्या मांडीवर दिलं आणि पुढं सरून त्याचा दंड धरला.